विशाळगडाला एसटीनं जाऊन त्याच दिवशी परत: फोनवर प्लॅन कसा करायचा?

थंडी सुरू झाली की पुण्या-मुंबईच्या मित्रांचा एक मेसेज ठरलेला असतो. "मलकापूरहून विशाळगड एका दिवसात होतो का? स्वतःची गाडी नाही, एसटीनं जायचंय." होतो की. गड समुद्रसपाटीपासून ११३० मीटर उंच असला, तरी गाडी पायथ्याच्या खिंडीपर्यंत जाते आणि खरी चढाई फार मोठी नाही. अवघड आहे ते परत येणं. गड कुठं पळून जात नाही, एसटी मात्र जाते.

म्हणून या लेखात मी गडाचा इतिहास सांगणार नाही. फोनवर हा प्लॅन कसा बांधायचा, फोन कुठं खरं बोलतो आणि कुठं नुसता अंदाज मारतो, तेवढंच बघू. हीच रीत पन्हाळा, गगनगड किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कळसूबाईलाही चालते.

सगळ्यात आधी गाव बरोबर निवडा. महाराष्ट्रात मलकापूर एक नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं मलकापूर मोठं, रेल्वे स्टेशन असलेलं. कराडला खेटून आणखी एक मलकापूर आहे. आपलं मलकापूर कोल्हापूर जिल्ह्यातलं, शाहूवाडी तालुक्यातलं, कोल्हापूर-रत्नागिरी महामार्गावर कोल्हापूरपासून साधारण ४५ किलोमीटर. बुकिंगच्या ॲपमध्ये नुसतं 'मलकापूर' टाकलं आणि यादीतलं पहिलं नाव दाबलं, तर तिकीट थेट विदर्भाचं निघू शकतं. नावापुढचा जिल्हा वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

मॅप्सला एसटी का कळत नाही?

मुंबईत गुगल मॅप्स उघडून बसचं चिन्ह दाबलं की बेस्टच्या बसचा नंबर, थांबा, वेळ सगळं येतं. तेच मलकापूर ते विशाळगड करून बघा. कारचा रस्ता लगेच दिसेल. बसच्या जागी काहीतरी अर्धवट येईल, नाहीतर काहीच येणार नाही. यात मॅप्सचा दोष कमीच. बसची वेळ मॅप्स स्वतः शोधत नाही, ती त्याला कुणीतरी द्यावी लागते.

ती द्यायची एक ठरलेली पद्धत आहे. तिचं नाव जीटीएफएस. २००५ साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची बससेवा आणि गुगल यांनी मिळून ती सुरू केली आणि आज जगभर तीच चालते. आत काही फार मोठं नसतं, साध्या मजकुराच्या फायली असतात. एका फायलीत सगळे थांबे आणि त्यांचे अक्षांश-रेखांश, दुसरीत मार्ग, तिसरीत कोणती फेरी कोणत्या थांब्यावर किती वाजता. आणखी एक फाईल असते कॅलेंडरची. कोणती फेरी कोणत्या वारी धावते, कोणत्या सणाला बंद असते, हे त्यात लिहायचं असतं.

आपल्याकडं गाडी अडते ती या कॅलेंडरपाशी. गावाकडच्या फेऱ्या ज्या तऱ्हेनं चालतात ते आठवा. शाळा-कॉलेजच्या पोरांसाठी सुटणारी गाडी सुट्टीत बंद. बाजाराच्या दिवशी जास्तीची गाडी. जत्रेला, लग्नसराईला गाड्या दुसरीकडं वळवलेल्या. पावसाळ्यात रस्ता खचला की फेरी अलीकडच्या गावापर्यंतच. हे सगळं स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकाला तोंडपाठ असतं. पण त्याच्या डोक्यातली माहिती रोज फायलीत कोण भरणार?

याच्या उलट टोक बघायचं तर स्वित्झर्लंड. तिथं १९१२ पासून युंगफ्राऊयोख या ३४५४ मीटर उंचीवरच्या स्टेशनापर्यंत रेल्वे जाते. खालच्या शहरातला माणूस सकाळी फोनवर एक ॲप उघडतो आणि ट्रेन, डोंगरातली बस, रोपवे सगळ्याची जोडणी एकाच ओळीत बघून निघतो. १९८२ पासून तिथलं वेळापत्रकच असं बांधलंय की गाड्या दर तासाला ठरलेल्या मिनिटाला सुटतात आणि एक गाडी आली की पुढची बाजूला उभी असते. ते ॲप चांगलं आहेच, पण त्याच्या मागचं वेळापत्रक त्याहून चांगलं आहे. आपल्याकडं नुसतं ॲप चांगलं करून भागत नाही, ते यामुळं.

ट्रॅकिंग ॲप: किती विश्वास ठेवायचा

गाडी आत्ता कुठं आहे ते दाखवणारं ॲप एसटी महामंडळानं आणलंय आणि ते वापरावं. फक्त ते चालतं कसं, हे माहीत पाहिजे. गाडीत एक डबी बसवलेली असते. ती उपग्रहांवरून स्वतःची जागा काढते आणि आत घातलेल्या सिमकार्डवरून ती जागा सर्व्हरला पाठवते. नव्या प्रवासी वाहनांत अशी डबी १ जानेवारी २०१९ पासून सक्तीची आहे. जागा काढायला नेटवर्क लागत नाही, पाठवायला लागतं. मलकापूर सोडून पांढरेपाणी, पावनखिंड, गजापूर या बाजूला गाडी शिरली की वाटेत बऱ्याच ठिकाणी रेंज जाते. मग ॲपमध्ये गाडी एकाच जागी उभी दिसते. गाडी बंद पडली असेलच असं नाही, तिचा आवाज आपल्यापर्यंत येत नाही एवढंच.

महामार्गावरच्या कोल्हापूर-रत्नागिरी गाड्यांसाठी मात्र हे ॲप उपयोगी आहे. तिथं रेंज बरी असते आणि गाड्याही बऱ्याच असतात. माझा अनुभव असा की कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकातून मलकापूरपर्यंत येण्याचा प्लॅन फोनवर बिनधास्त करावा आणि मलकापूरच्या पुढचा प्लॅन माणसांना विचारून.

विचारायचं कुणाला? मलकापूरला एसटीचं आगार आहे, म्हणजे गाड्या इथूनच सुटतात. चौकशीच्या खिडकीवर जा आणि "विशाळगडाची गाडी किती वाजता?" एवढ्यावर थांबू नका. तीन गोष्टी विचारा. आज, म्हणजे याच वारी, ती गाडी आहे का? तिकडून परत शेवटची किती वाजता निघते? आणि ती शेवटची गाडी मुक्कामी आहे का?

तिसरा प्रश्न शहरातल्या पोरांना सुचतच नाही. खेड्याकडं संध्याकाळी जाणारी शेवटची एसटी पुष्कळदा त्याच गावात रात्रभर थांबते. ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात आणि सकाळी पहिली फेरी घेऊन परत येतात. हीच मुक्कामाची किंवा वस्तीची गाडी. फलकावर 'विशाळगड' पुढं संध्याकाळची वेळ बघून तुम्ही धरून चालता की ती जाऊन परत येईल. ती येते, पण दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर.

उत्तर मिळालं की फलकाचा फोटो काढा आणि खिडकीवर सांगितलेल्या वेळा फोनच्या नोट्समध्ये तारखेसकट लिहून ठेवा. हा फोटो मित्रांना पुढं पाठवताना तारीख नक्की टाका. दोन वर्षांपूर्वीच्या फलकाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरत फिरत आजचा होऊन बसतो.

आता घड्याळ उलटं फिरवा

बहुतेकजण प्लॅन सकाळपासून करतात. सहाला उठू, सातला निघू, मग बघू. एसटीचा प्लॅन मी परतीच्या गाडीपासून मागं करत येतो. एक उदाहरण घेऊ. यातल्या वेळा फक्त हिशोबासाठी धरल्या आहेत, खऱ्या वेळा आगारातूनच घ्या. समजा परतीची शेवटची गाडी साडेचारला आहे. एसटी उशिरा येते हे सगळ्यांना माहीत आहे, पण पाच-दहा मिनिटं लवकरही निघू शकते, म्हणून चारला थांब्यावर. गडावरून उतरून, लोखंडी पूल ओलांडून खाली यायला गर्दीसकट पाऊण तास धरा, म्हणजे सव्वातीनला वर पाठ फिरवायची. ही तुमची माघारीची वेळ. फोनमध्ये तिचा अलार्म लावा आणि नावही तसंच द्या. वरती कितीही बघायचं राहिलं असलं तरी अलार्म वाजला की खाली. ग्रुपमध्ये कुणीतरी "अजून दहाच मिनिटं" म्हणणार, हे धरूनच सव्वातीन काढलेत.

आणि जमेल तेव्हा शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी पकडायची, शेवटची फक्त हाताशी ठेवायची. दिवसात दोनच फेऱ्या असतील तर ही चैन परवडत नाही. मग दुसरा मार्ग आधीच ठरवून ठेवा. गजापूरच्या बाजूनं वडाप मिळतं का, एखादी जीप ठरवता येते का, हे सकाळी जातानाच विचारा. संध्याकाळी विचारलं की भाडं वाढतं. महामार्गाला एकदा लागलात की काळजी मिटली, तिथून रत्नागिरीकडची नाहीतर कोल्हापूरकडची गाडी मिळते.

चालायला किती वेळ लागेल याचा हिशोब एका जुन्या नियमानं होतो. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली तो मांडला. सपाट अंतराला ताशी ५ किलोमीटर, वर प्रत्येक ६०० मीटर चढाला एक तास जास्त. फोनमधली ट्रेकिंगची ॲप्स वेळ दाखवतात तेव्हा आत असाच काहीतरी नियम असतो. कळसूबाईचं बघा. शिखर १६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच. बारी गावातून साडेसहा किलोमीटरच्या आसपास वाट आणि आठशे-साडेआठशे मीटर चढ धरला, तर नियमानं पावणेतीन तासांच्या आसपास येतात. प्रत्यक्षात लोखंडी शिड्यांवर रांग लागली की तीन-चार तास सहज जातात. नियमाला शिड्या माहीत नाहीत, रविवारही माहीत नाही. मी जे उत्तर येईल त्याची दीडपट धरतो. मॅप्सनं कारची जी वेळ दाखवली, तिचीही एसटीसाठी दीडपटच.

सूर्यास्त कधी, हेही आधीच बघून ठेवा. नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्याकडं सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जूनमध्ये सातनंतर. दरीत मात्र त्याच्या आधीच अंधारून येतं. आंबा-विशाळगडाच्या जंगलात गवे आहेत आणि संध्याकाळी ते रस्त्यावर येतात. गाडी चुकली म्हणून अंधारात चालत निघायचं, हा पर्याय प्लॅनमधून काढूनच टाका.

रेंज नसताना फोन

"रेंज नाही म्हणजे जीपीएस नाही" हा समज अजून बऱ्याचजणांच्या डोक्यात आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संदेश पाठवत असतात आणि फोन ते फक्त ऐकतो. त्याला इंटरनेटही लागत नाही, सिमही लागत नाही. एअरप्लेन मोडवरही बहुतेक फोनमध्ये निळा ठिपका बरोबर चालतो. फरक पडतो तो सुरुवातीला. नेटवर्क असताना कोणता उपग्रह कुठं आहे ही माहिती फोन इंटरनेटवरून पटकन घेतो. नसताना ती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते आणि तो वेग आहे सेकंदाला ५० बिट. म्हणून कधी कधी ठिपका यायला दोन-चार मिनिटं जातात. उघड्या आभाळाखाली शांत उभं राहायचं, ॲप सारखं बंद-चालू करायचं नाही. खिंडीत, कड्याला लागून असलात की ठिपका उड्या मारतो, कारण संदेश कड्यावर आपटून फिरून येतात. तेव्हा ठिपक्यापेक्षा पायऱ्यांवर विश्वास ठेवा.

ठिपका आला, पण खाली नकाशाच नसेल तर तो कोऱ्या कागदावर बसतो. म्हणून घरून निघतानाच ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या. इथं एक अडचण आहे. गुगल मॅप्सच्या ऑफलाइन नकाशात गाडीचा रस्ता मिळतो, पायी वाट आणि बस मिळत नाही. चालण्यासाठी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँडसारखी ॲप्स बरी. त्यांत पायवाटाही असतात आणि उंचीच्या समोच्च रेषाही दिसतात. रेषा लांब लांब असतील तर उतार सोपा, एकमेकींना चिकटल्या असतील तर कडा. विशाळगडाभोवती त्या भवऱ्याला जाळी गुंडाळल्यासारख्या दिसतात. नकाशावर गाडीचा थांबा आणि गड बोटभर अंतरावर वाटतात, मधली खिंड या रेषांमुळं कळते.

आणखी एक मजेशीर गोष्ट, उंचीची. गडावर पोचून एखादं जीपीएसचं ॲप उघडलं आणि त्यानं ११३० च्या जागी हजार-साडेदहाशेच्या आसपास आकडा दाखवला तर गडबडू नका. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत आकारापासून. समुद्राची खरी पातळी त्या आकाराशी सगळीकडं जुळत नाही. भारताच्या भागात ती त्याच्या खाली आहे, आपल्याकडं साठ मीटरहून जास्तच. काही ॲप्स हा फरक स्वतः दुरुस्त करतात, काही करत नाहीत. स्टेटसला उंची टाकायची असेल तर कोणतं ॲप आहे ते बघून टाका.

बॅटरीचं सगळ्यात मोठं नुकसान फोटोंनी होत नाही, रेंज शोधण्यानं होतं. सिग्नल कमजोर असला की फोन जास्त ताकदीनं टॉवरशी बोलायला बघतो आणि खिशातल्या खिशात तापतो. रेंज गेली की एअरप्लेन मोड. ग्रुपमध्ये चौघं असाल तर एक फोन पूर्ण बंद करून ठेवा, परतीसाठी.

लाइव्ह लोकेशन घरच्यांना पाठवलंय म्हणून निर्धास्त राहू नका. रेंज नसली की तेही एसटीच्या ठिपक्यासारखं जुन्या जागेवर अडकतं आणि घरी उगीच घोर लागतो. त्यापेक्षा निघताना साधा मेसेज टाका. कुठं जातोय, कोणत्या गाडीनं परत, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला विचारायचं. अडचण आलीच तर ११२. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीचा टॉवर मिळत असेल तर हा कॉल लागू शकतो. डेटा चालत नसेल तेव्हा साधा एसएमएस पुष्कळदा जातो. ठिपक्यावर बोट दाबून धरलं की जे अक्षांश-रेखांश येतात तेच त्यात लिहा.

निघण्याच्या आदल्या दिवशी

गड उघडा आहे का, हे आधी बघा. विशाळगड राज्याचं संरक्षित स्मारक आहे. जुलै २०२४ मधल्या हिंसाचारानंतर प्रशासनानं तिथं जाण्यावर निर्बंध घातले आणि पुढं ते बदलत गेले. मॅप्सवर लिहिलेल्या वेळेवर जाऊ नका, ती कुणीही सुचवू शकतो. शाहूवाडी पोलीस ठाणं किंवा तहसील कार्यालयात फोन करून विचारलेलं बरं. गडावर दर्गा आहे, मंदिरं आहेत, लोक राहतात. उरूस किंवा यात्रा असेल तर गर्दीचा आणि गाड्यांचा सगळा हिशोब बदलतो.

हवामानासाठी फोनमधल्या तयार ॲपपेक्षा हवामान खात्याचं 'मौसम' बघा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात दुपारनंतर विजा होतात, त्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं बनवलेलं 'दामिनी' आहे. जवळपास वीज पडत असेल तर ते कळवतं. अर्थात रेंज असेल तरच, त्यामुळं गाडीतून उतरायच्या आधी एकदा बघून घ्या. भर पावसाळ्यात या भागात इतकं धुकं आणि पाऊस असतो की पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हा एसटीचा प्लॅन करू नये, असं माझं मत.

तिकिटाचं राहिलं. कंडक्टरच्या मशीनवर आता यूपीआयनं पैसे देता येतात. मुलींना १७ मार्च २०२३ पासून निम्मंच तिकीट आहे, पण ग्रुपचं तिकीट काढताना ते वेगळं सांगावं लागतं. जाताना स्टँडवर, रेंजमध्ये, यूपीआय चालून जाईल. परतीच्या गाडीत मात्र तुमचा फोन आणि कंडक्टरचं मशीन दोन्ही गोल गोल फिरत बसतील. शंभर-दोनशे रुपये सुट्टे, वेगळ्या खिशात. वडापवाला पण तेच मागणार.